शनिवारचे चोवीस गोळे

शनिवारी दुपारी पुनमने उकळत्या पाण्यात चोवीस गोळे सोडले. सात मिनिटांनी पातेल्यात एकही गोळा नव्हता. रविवारी दुपारी तिने त्याच डब्यातल्या पिठाचे तेवढेच चोवीस गोळे त्याच पातेल्यात सोडले. चोवीसच्या चोवीस वर येऊन तरंगले.

डोंगरकडा या गावातल्या विजयकुमार सरांनी या दोन्ही घटना तारीख-वेळेसह वहीत नोंदवल्या. एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून ते गेल्याच वर्षी निवृत्त झाले होते. वही मात्र निवृत्त झाली नव्हती. गावात त्यांच्याविषयी असे म्हणत की सर देवळातला अंगारासुद्धा आधी हुंगतात आणि मग कपाळाला लावतात. हे खरे नव्हते. सर अंगारा लावतच नसत.

गोळ्यांचे खूळ पुनमचे होते. सरांची ही धाकटी लेक चीनमध्ये सहा वर्षे डॉक्टरकी शिकून परतली होती आणि इथे व्यवसाय करण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिची तयारी करत घरी बसली होती. तिकडे वसतिगृहात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी स्वयंपाकीणबाई घमेलेभर गोळे उकडायच्या: बाहेरून चिकट तांदळाच्या पिठाचे पांढरे आवरण, आत काळे तीळ आणि साखर, वरून आल्याचा गोड पाक. त्यांना तांग्युआन म्हणत. यंदा तो दिवस शनिवारी येत होता, आणि आई, म्हणजे संगिताबाई, थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी वाशिमला गेल्यामुळे स्वयंपाकघर पुनमच्या ताब्यात होते. खोलीत बरोबर राहिलेल्या आसामच्या मैत्रिणीने पार्सलने दोन किलोंहून थोडा जास्त चिकट तांदूळ पाठवला होता. इकडे तो मिळत नाही.

पुनमने तांदूळ धुतला, रात्रभर भिजवला आणि धोतरावर पसरून सावलीत वाळवला. आई अनारशाच्या पिठाला असेच करते, एवढे तिला माहीत होते. शुक्रवारी सकाळी तो उंच स्टीलच्या डब्यात भरून ती दळायला निघाली, तेव्हा सरांनी तिला दारात थांबवले, डबा वजनकाट्यावर ठेवला, रिकाम्या डब्याचे वजन वजा केले आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली: निव्वळ २ किलो ४० ग्रॅम. त्यात या तांदळाचे काही विशेष नव्हते. दसऱ्यापासून त्या घरातून दळणाला जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर अशी चिठ्ठी असे.

बसस्टँडच्या मागे चाँद पाशाची पिठाची गिरणी होती. संध्याकाळी सरच डबा घेऊन आले आणि पुन्हा काट्यावर ठेवला. पीठ भरले बरोबर दोन किलो चाळीस ग्रॅम.

"चाँद सुधारला," सर म्हणाले, आणि तो विषय त्यांनी मिटवून टाकला.

शनिवारी समोरच्या घरातल्या गोजरबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. गावात काय शिजते आहे हे ठाऊक असणे हा त्या आपल्या पदाचा भाग समजत. पुनमने डब्यातून वरचे चारशे ग्रॅम पीठ ताटात काढले, कोमट पाण्यात मळले, तीळ, साखर आणि तुपाचे सारण भरून लिंबाएवढे गोळे वळले. वळतानाच त्यांना भेगा जात होत्या. ती ओल्या बोटाने भेगा बुजवत राहिली. पाणी खळखळले तसे तिने एकेक करून गोळे सोडले आणि तळाला लागू नयेत म्हणून पळीची पाठ हलकेच फिरवली.

पहिल्या मिनिटाला पाणी पांढरे झाले, तिसऱ्याला करडे, पाचव्याला काळे.

"पुने, हे काय करून राहिली गं?" गोजरबाईंनी मान पुढे काढली. "आमटी व्हय ही?"

"थांबा मावशी, शिजले की वर येतात."

"काय येईन वर? खाली काही राहिलंच न्हाई."

सातव्या मिनिटाला पुनमने गॅस बंद केला. गोजरबाईंनी चमच्याने चव पाहिली. "गोड हाय पर. तिळाची पेज म्हनून वाढ. पाव्हन्याला काय कळतं."

सर इतका वेळ दाराला टेकून उभे होते. "हात चुकला," ते म्हणाले.

"पप्पा, सहा वर्षं केलेत मी हे."

"खाल्लेत. करणं आणि खाणं यांत फरक आहे."

पुनमने पातेले सिंकमध्ये ठेवले आणि ताटात उरलेले पन्नासेक ग्रॅम कोरडे पीठ वाटीत काढून झाकून ठेवले. ही गोष्ट तिने रागात केली की सवयीने, कोण जाणे; पुढे सगळे त्या वाटीवर ठरले.

रविवारी तिने हट्टाने पुन्हा मांडले. सर या वेळी घड्याळ आणि तापमापक घेऊन शेजारी उभे राहिले. त्यांना लेकीची चूक पकडायची होती, आणि ती पकडताना दुसरी कुठलीच सबब शिल्लक राहू नये अशी त्यांची इच्छा होती. तेच बोअरचे पाणी, मोजून तेवढेच. तेच पातेले, तीच शेगडी, तेच सारण. पीठ मळायला घेतले आणि पहिल्याच मिनिटाला पुनम थांबली.

"पप्पा, हे वेगळं लागतंय. बघा, कानाच्या पाळीसारखं. काल असं नव्हतं."

"भावना नोंदवत नाहीत," सर म्हणाले. पण बोट लावून पाहिले. पीठ खरोखर मऊ होते आणि ताणले तर तुटत नव्हते.

गोळे वर आले. चोवीस. पांढरे, गुळगुळीत, एकमेकांना हलकेच धक्के देणारे. पुन्हा बघायला आलेल्या गोजरबाईंनी आल्याच्या पाकातले चार खाल्ले, पाचवा पदराआड घेतला आणि निकाल दिला: "दाताला धरून राहते, पर पोटाला बरं हाय. आमच्या दिराला, तातेरावाला देऊ नका, कवळी त्यातच राहीन त्याची."

पुनम हसली. सर हसले नाहीत. कारण न कळता मिळालेले यश त्यांना अपयशापेक्षा अधिक संशयास्पद वाटे. पाणी तेच, आच तीच, हात तोच. एकेका गोष्टीवर काट मारत ते शेवटी जिथे आले तिथे फक्त पीठ उरले होते, आणि पीठ एकाच डब्यातले होते.

"पुनम, तुझ्या औषधांच्या पेटीत आयोडीन आहे का? जखमेवर लावायचं."

पुनमने बाटली आणली. तिच्या लक्षात आले होते; शनिवारच्या पिठाची वाटीही तिनेच पुढे ठेवली. सरांनी तीन बशा घेतल्या. पहिलीत शनिवारचे उरलेले पीठ, दुसरीत रविवारी ताटात राहिलेले पीठ, तिसरीत लांब चमच्याने डब्याच्या अगदी तळातून काढलेले. तिन्ही चिमट्या वेगवेगळ्या पाण्यात उकळून, थंड करून, त्यांनी प्रत्येकीवर पातळ केलेल्या आयोडीनचा एकेक थेंब टाकला.

पहिली बशी निळीकाळी झाली. तिसरी तांबूस तपकिरी. मधली जांभळट.

गोजरबाई अजून गेल्या नव्हत्या. "हे काय जादू करून राहिले सर?"

"जादू नाही. साध्या तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो. त्यातला एक आयोडीनने निळा होतो. चिकट तांदळात तो जवळजवळ नसतोच, म्हणून रंग तांबूस येतो. शनिवारचं पीठ साध्या तांदळाचं आहे. तळातलं पीठ चिकट तांदळाचं आहे. मधल्यात थोडं साधं, बाकी चिकट."

"म्हंजे मिसळलं."

इथे सरांनी थांबायला हवे होते. पण तर्क पूर्ण झाला होता, आणि पूर्ण झालेला तर्क तोंडात धरून ठेवणे त्यांना आयुष्यात जमले नव्हते. "दळताना मिसळलेलं नाही," ते म्हणाले. "तसं असतं तर तिन्ही बशांचा रंग एकच आला असता. दगडात आधीच्या कुणाचं पीठ राहिलं असतं तर ते पहिल्यांदा बाहेर पडून डब्याच्या तळाला गेलं असतं. इथे तळ शुद्ध आहे आणि वरचा थर अशुद्ध. अर्थ एकच निघतो. दळून झाल्यावर कुणीतरी वरून, हाताने, साधारण चारशे ग्रॅम साधं पीठ घातलं आहे."

"चाँद पाशानं."

"मी नाव घेतलेलं नाही."

"नाव काय घ्याचं त्यात? डबा काय चार ठिकानी फिरून आलता?" गोजरबाईंचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की गोष्ट गंभीर आहे असे गावाला ठाऊक होते. "सर, बुधवारी आमच्या मंडळाचं दळन हाय त्याच्याकडं. गुरुवारी मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार. बत्तीस घरची भगर. चाँद त्या दिशी मशीन धुऊन काढतो, दुपारपस्तोर धान्याचा दाना घालू देत न्हाई, म्हनून आमी वर्षानुवर्षं तिथं टाकतो. अन् तो भगरीत तांदूळ घालून राहिला असंन तर? बत्तीस बायांचे चारी गुरुवार पान्यात गेले की न्हाई?"

"भगरीचं मला माहीत नाही. मी भगर तपासलेली नाही."

"मंग तपासा. मंगळवारच्या सांजेला मला बराबर सांगा. व्हय म्हना, न्हाई तर न्हाई म्हना. व्हय असंन तर आमी दळन कळमनुरीला नेतो. अन् तिकडं गेलेलं दळन काही माघारी येत न्हाई, हे चाँदलाबी ठाऊक हाय. हिवाळाभर त्याची गिरनी उपासाच्या पिठावरच चालती." त्या उठल्या. "तुमी शास्त्राचे मानूस. तुमच्या तोंडून आलं की झालं."

सोमवारी सकाळी सर दूध आणायला गेले तेव्हा गिरणीचा पट्टा थांबलेला होता. एरवी त्या वेळी पायरीवर डब्यांची रांग असे; त्या दिवशी तीन डबे होते, आणि सरांच्या देखत जमनाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई त्यांतला एक उचलून घेऊन गेल्या. गोजरबाईंनी मंगळवारची वाट पाहायचे ठरवले होते. त्यांच्या शब्दांनी ठरवले नव्हते.

घरी आल्यावर सरांनी वहीत लिहिले: कृती सिद्ध. हेतू अज्ञात.

पुनम चहा ठेवत होती. "पप्पा, चाँदचाचाला चारशे ग्रॅम चिकट तांदळाचं काय करायचंय? त्याची भाकरी होत नाही, भात होत नाही. विकायला गेला तर कुणी घेणार नाही."

"चोराचा हेतू आपल्याला कळला नाही, म्हणून तो नसतो असं नाही."

"म्हणजे चोर आधीच ठरला."

सरांनी वर पाहिले. ती गाळणीत चहा ओतत होती. चेहऱ्यावर काही नव्हते. "शनिवारी पण आधी माझा हात ठरला होता," ती म्हणाली. "मग पीठ."

सरांनी चहात साखर कमी असल्याचे सांगितले.

मंगळवारी दुपारी ते आयोडीनची बाटली, दोन बशा आणि छोटा वजनकाटा पिशवीत घालून गिरणीवर गेले. वाटेत त्यांनी प्रश्न तयार केले. चाँद पाशा नाही म्हणेल हे गृहीत धरून एकामागून एक सात प्रश्न होते, आणि सातव्याला सुटायला वाट नव्हती.

गिरणी बंदच होती. चाँद पाशा पोत्यावर बसून पट्ट्याला मेण लावत होता. पन्नाशीचा, हाडकुळा माणूस; पापण्यांवर कायम पीठ, त्यामुळे तो नेहमी नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसे. आत त्याची बायको शहनाज चाळणी झाडत होती. सरांना पाहून दोघेही उठले. बसायला स्टूल पुढे झाले. सर बसले नाहीत.

"चाँद, शुक्रवारी माझ्या डब्यात तू वरून पीठ घातलंस?"

"व्हय सर, घातलं."

सातही प्रश्न निकामी झाले. 'होय'साठी सरांनी काहीच आणले नव्हते.

"किती?" त्यांनी विचारले, कारण हा प्रश्न त्यांना केव्हाही सुचत असे.

"चारशे तीस ग्रॅम. तुमच्या चिठ्ठीबराबर." चाँद पाशाने हातातले मेण खाली ठेवले. "तो तांदूळ वल्ला होता सर. वरून हाताला कोरडा लागे, आतून वल्ला. अन् चिकट किती! दगडाला थापल्यावानी बसला. मशीन गरम झाली, दोनदा बंद करून दगड उचलाव लागले. पीठ पडलं सोळाशे दहा. चिठ्ठीवर दोन किलो चाळीस. मी म्हनलं, आता कसं?"

"मग सांगायचं होतंस. येऊन सांगितलं असतंस तर—"

"दसऱ्याच्या वक्ताला सांगितलं होतं," शहनाज आतून म्हणाली. चाळणी झाडणे तिने थांबवले नव्हते. "तवा तुमी काय बोलले सर, याद हाय का?"

सरांना आठवत होते. पाच किलो गहू दळायला दिला होता आणि पीठ आले होते चार किलो आठशे वीस. चाँद पाशा म्हणाला होता, दळणात घट येतेच सर. तेव्हा पायरीवर चार-पाच माणसे होती, आणि सर म्हणाले होते, "पाच किलोला एकशे ऐंशी ग्रॅम. दिवसाला वीस डबे धर. साडेतीन किलो. चाँद, मग तुझ्या घरी धान्य विकत कशाला आणत असतील?" माणसे हसली होती. सरांना तो टोमणा वाटला नव्हता. तो गुणाकार होता.

"तवापासून निम्म्या गावानं काटे घेतले," चाँद पाशा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. हवामान सांगावे तसे तो सांगत होता. "रोज चार जन चिठ्ठी लावून आनतात. कुनी काही बोलत न्हाई. फकस्त माघारी नेताना पुन्हा तोलतात, माझ्याकडं पाहून. अब्बानं चाळीस वर्षं गिरनी चालवली, कुनी तोललं न्हवतं. मंग हिनं सांगितलं, आपलं घाला अन् तकलीफ मिटवा."

त्याने मागच्या फळीकडे बोट केले. तिथे पाच मोठ्या बरण्या ओळीने होत्या. चारांत पीठ, पाचवी थोडी बाजूला, तोंडाला स्वच्छ फडके बांधलेली.

"गव्हाला गहू, ज्वारीला ज्वारी, बाजरीला बाजरी, तांदळाला तांदूळ. जितकी घट तितकं भरून द्याचं. ती फडक्याची भगरीची. आमी काही भगर खात न्हाई, तरी इकत आनतो. उपासाच्या पिठात दुसरं काई जाऊ नये म्हनून हिचा हात लागंल तितकाच, माझा बी न्हाई."

सरांनी फडके सोडायला सांगितले. आत भगरच होती, अख्खी, न दळलेली. त्या-त्या वेळी मुठीने दळणात टाकायची. दाणा हातावर घेऊन त्यांनी उजेडात पाहिला. भगर आणि तांदूळ यांच्या दाण्यात गोंधळ होत नाही.

"पण माझा तांदूळ वेगळा होता, चाँद."

"मला काय ठाव सर? पांढरं पीठ, तांदळाचं. चिठ्ठीवर वजन लिवलं होतं. तांदूळ कोनता ते लिवलं न्हवतं."

शहनाज बाहेर आली. तिच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. "हे तुमचं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दगड खरवडले तवा निघालं. आनून देनार होतो, पर असे दगडावानी गोळे झालते. सरांच्या घरी हे कसं न्यावं? फेकूबी वाटंना, दुसऱ्याचं हाय म्हनून."

सरांनी काटा काढला. पुडीतली खरवड भरली तीनशे पासष्ट ग्रॅम. एक खडा त्यांनी शहनाजकडून उकळून आणवला, निवू दिला आणि थेंब टाकला. तांबूस तपकिरी. तांदळाच्या बरणीतल्या चिमटीवर दुसरा थेंब टाकला. निळाकाळा. सोळाशे दहा आणि तीनशे पासष्ट मिळून एकोणीसशे पंचाहत्तर. दोन हजार चाळीसातून ते गेले की उरतात पासष्ट. तीन टक्क्यांच्या जरा वर.

हे पासष्ट ग्रॅम गेले कुठे, असे विचारायला त्यांनी तोंड उघडले आणि त्यांचे लक्ष वर गेले. आढ्याला लोंबणारी कोळिष्टके पिठाने दोरीएवढी जाड झाली होती. पत्र्याच्या प्रत्येक वळीत पीठ होते, विजेच्या तारेवर होते, दिव्याच्या टोपीवर होते, बंद खिडकीच्या गजांवर होते. चाँद पाशाच्या पापण्यांवर होते. बाकीचे नुसते पाणी, दगडाच्या उष्णतेने उडून गेलेले. गव्हाचे एकशे ऐंशी ग्रॅम पाच किलोंत साडेतीन टक्के होतात, हा भागाकार सरांनी दसऱ्याला केला नव्हता. गुणाकार तेवढा केला होता. वस्तुमान नाहीसे होत नाही, हे त्यांनी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. ते कुणाच्या घरी जाते एवढेच त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिले होते.

आणि शुक्रवारी काट्यावर घट शून्य आली, तेव्हा जो माणूस कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय मानत नाही, त्याने ती एकदाच पाहिली आणि खूश झाला. कोणत्याही गिरणीतून घट शून्य येत नाही. संशय घ्यायचा तो त्या आकड्याचा होता.

"सर, पानी देऊ?" चाँद पाशाने विचारले.

"नको." सरांनी बशा पुसून पिशवीत ठेवल्या. "उद्या मशीन धुणार आहेस ना?"

"धुईन. दळन आलं तर."

संध्याकाळी गोजरबाई ओट्यावर वाट पाहत होत्या. "हं. व्हय का न्हाई?"

"उद्या सकाळी गिरणीवर सांगतो. दसऱ्याला जिथे बोललो तिथेच."

"अन् बायांनी डबे कुठं घेऊन याचे?"

"गिरणीवर."

बुधवारी सकाळी अठ्ठावीस डबे आले. चार घरांनी आपले दळण सोमवारीच कळमनुरीला पाठवले होते. ते परत आले नाही, पुढेही आले नाही. सर पायरीवर उभे राहिले. बोलणे फार लांबले नाही. दळणात शेकडा तीन ते चार घट येते, ओल्या दाण्याला कितीतरी जास्त, आणि ती पिठाच्या धुळीत, वाफेत आणि दगडात जाते. गिरणीवाल्याच्या घरात जात नाही. दसऱ्याला आपण उलट बोललो, ते चूक होते. चाँद पाशा तेव्हापासून प्रत्येकाची घट आपल्या धान्याने भरून देतो आहे. भगरीची घट भगरीने भरतो. बरणी आपण उघडून पाहिली, आत भगरीखेरीज काही नव्हते. याआधीच्या दळणात काय होते ते तपासायला आपल्याकडे साधन नाही, आणि संशय घ्यायला आपल्याकडे कारण नाही. आजपासून त्याने काही भरू नये आणि कुणी मागू नये.

मग गोजरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"म्हंजे सर, ते गोळे तुमीच इरघळवले म्हना की."

"होय," सर म्हणाले.

पायरीवर हसू फुटले. या वेळी ते चाँद पाशावर नव्हते. त्याने मान खाली घालून पट्टा चढवला, शहनाजने पहिला डबा ओतला आणि गिरणी सुरू झाली. गोजरबाईंची भगर दोन किलो होती. पीठ भरले एक किलो नऊशे पस्तीस. त्यांनी आकडा वाचला, झाकण लावले आणि डबा काखेत घेऊन निघाल्या.

घरी आल्यावर सरांनी स्टीलच्या डब्याचे झाकण गरम पाण्यात बुडवले. चिठ्ठीचा डिंक सुटायला वेळ लागला. पुनम आतल्या खोलीत अभ्यास करत होती. दारातूनच त्यांनी तिला सांगितले की तिचा हात चुकला नव्हता, तिचे वाळवणे चुकले होते. तीही मान न वळवता म्हणाली, "ते मान्य." मग सरांनी वही उघडली, शनिवार आणि रविवार या दोन नोंदींच्या खाली रेघ मारली आणि लिहिले:

शनिवारचे गोळे विरघळले, कारण ते साध्या तांदळाच्या पिठाचे होते. साधे पीठ डब्यात वर होते, कारण गिरणीवाल्याने ते घट भरून काढण्यासाठी घातले होते. घट मोठी होती, कारण चिकट तांदूळ आतून ओला होता आणि दगडाला बसला. गिरणीवाल्याने ती न सांगता भरून काढली, कारण डब्यावर वजनाची चिठ्ठी होती. चिठ्ठी मी लावली होती.